फणी, कंडिशनर आणि सतरा दिवस: डोक्यातल्या उवा काढायची पद्धत

मुलगी माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली होती. मी तिच्या केसांतून बोटं फिरवत होतो, आणि कानामागून तिळाएवढा एक तपकिरी ठिपका चालत चालत केसांत शिरला. पुढचे तीन महिने आमच्या घरात उवांशिवाय दुसरा विषय नव्हता. औषध लावायचं, आठ-दहा दिवस बरे जायचे, आणि मग अभ्यासाला बसल्या बसल्या तिचा हात पुन्हा मानेवर जायचा. असं तीनदा झालं. चौथ्या खेपेला मी औषध बदलत बसलो नाही. ऊ किती दिवस जगते, लीख कधी फुटते ते नीट वाचून काढलं, चांगली फणी आणली आणि कॅलेंडरवर पाच खुणा केल्या. सतराव्या दिवशी तिचं डोकं स्वच्छ होतं.

जे माहीत नसल्यामुळे आम्ही दोघं तीन महिने त्रासलो, ते इथे क्रमाने लिहितो आहे. तुमच्या घरी आज पहिल्यांदाच ऊ दिसली असेल तर घाबरू नका, आणि मुलासमोर तोंड वाकडं करू नका. उवा अस्वच्छ डोक्यातच होतात असं नाही. रोज धुतलेल्या केसांतही त्या तितक्याच सुखाने राहतात. ऊ उडत नाही, उडी मारत नाही. दोन डोकी एकमेकांना टेकली की ती या केसावरून त्या केसावर चालत जाते. मुलं डोक्याला डोकं लावून खेळतात, म्हणून त्यांना उवा जास्त होतात.

आधी उवेचं वेळापत्रक समजून घ्या

पुढचे सगळे टप्पे या वेळापत्रकावर उभे आहेत, म्हणून हा भाग घाईने वाचू नका.

मादी दिवसाला ८ पर्यंत अंडी घालते. अंडं म्हणजे लीख. ती टाळूच्या अगदी जवळ, केसाच्या बुडाशी चिकटवलेली असते, कारण तिला डोक्याची ऊब लागते. लीख साधारण ७ ते १० दिवसांत फुटते. बाहेर आलेलं पिल्लू टाचणीच्या डोक्याएवढं असतं आणि त्याला अंडी घालण्याइतकं मोठं व्हायला आणखी ९ ते १२ दिवस लागतात. पूर्ण वाढलेली ऊ डोक्यावर महिनाभर जगते, पण डोक्यावरून खाली पडली आणि रक्त मिळालं नाही, तर एक-दोन दिवसांत मरते.

याचा अर्थ असा की आज तुम्ही चालत्या-फिरत्या सगळ्या उवा काढल्या तरी लिखा मागे राहतात आणि त्या पुढचे दहा दिवस थोड्या थोड्या फुटत राहतात. मात्र त्यातून आलेलं प्रत्येक पिल्लू निदान नऊ दिवस अंडी घालू शकत नाही. तुम्ही दर चार दिवसांनी फणी फिरवलीत तर एकही पिल्लू मोठं व्हायच्या आत निघून येतं. माझं तीन महिने नेमकं इथेच चुकत होतं. औषध लावलं की काम झालं असं समजून मी फणी कपाटात ठेवून देत होतो, आणि तिकडे राहिलेल्या लिखा फुटत होत्या.

१. खरंच उवा आहेत का, याची खात्री करा

खाज हा भरवशाचा पुरावा नाही. ऊ चावते तेव्हा तिच्या लाळेची शरीराला हळूहळू अ‍ॅलर्जी होते आणि त्यातून खाज सुटते. पहिल्यांदाच उवा झाल्या असतील तर खाज सुरू व्हायला ४ ते ६ आठवडेही लागतात. तोवर मुलाला काहीच जाणवत नाही. उलट कोंडा, कोरडी टाळू, घाम यांनीही खाज सुटते.

नुसत्या लिखा दिसल्या म्हणूनही उपचार सुरू करू नका. केस महिन्याला साधारण १ सेंटिमीटर वाढतात. त्यामुळे टाळूपासून सेंटिमीटरभर लांब दिसणारी लीख बहुतेक वेळा फुटून गेलेलं रिकामं टरफल असते, किंवा मेलेली असते. लीख आणि कोंडा यांतला फरक बोटाने कळतो: कोंड्याचा कण चिमटीत धरून ओढला की केसावरून सहज सरकतो, लीख सरकत नाही. नखाने खरवडून काढावी लागते.

पुरावा एकच, हलणारी ऊ. आणि ती शोधायला नुसते डोळे अपुरे पडतात, कारण केस बाजूला केले की प्रकाश टाळून ती पटकन आत सरकते. म्हणून तपासणीसुद्धा फणीनेच करायची, टप्पा ४ आणि ५ मध्ये सांगितलं आहे तशी. घरातल्या प्रत्येकाचं डोकं त्याच दिवशी बघा, मोठ्यांचंही. आमच्याकडे तिसऱ्या खेपेला उवा माझ्याच डोक्यात होत्या. मला खाज नव्हती, म्हणून मी स्वतःचं डोकं तोवर कोणाला बघायलाच दिलं नव्हतं.

२. फणी निवडा

सगळ्यात जास्त विचार इथे करा. फणीत दातांपेक्षा दोन दातांमधली फट महत्त्वाची. माणसाचा केस साधारण ०.०५ ते ०.१ मिलिमीटर जाड असतो. लीख जवळपास ०.३ मिलिमीटर रुंद असते. केस सुटावा आणि ऊ-लीख अडकावी असं हवं असेल तर फट या दोहोंच्या मधली पाहिजे, म्हणजे ०.२ ते ०.३ मिलिमीटर. रोजच्या कंगव्याची फट याच्या कितीतरी पट मोठी असते. त्याने कितीही विंचरलं तरी उवा दातांमधून निसटतात.

विकत घेताना हे बघा:

- फणी उजेडासमोर धरा. सगळ्या फटी सारख्या दिसल्या पाहिजेत. एका जागी जरी दात फाकलेला असला तरी पिल्लं तिथूनच सुटतात.
- दातांवरून अंगठा हलकेच दाबत न्या. दात वाकता कामा नयेत. मऊ प्लॅस्टिकच्या फणीचे दात केसांत जोर लावला की फाकतात, आणि मग बारीक दातांचा काही उपयोग राहत नाही.
- दात लांब असावेत. दाट केसांत आखूड दात टाळूपर्यंत पोचत नाहीत, आणि लिखा तर टाळूलगतच असतात.
- टोकं गोलसर हवीत. ती स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूवर ओढून बघा. तिथे ओरखडा आला तर टाळूवरही येईल.

स्टीलची लांब दातांची फणी मला सर्वांत भरवशाची वाटली. काहींच्या दातांवर स्क्रूसारखे बारीक आटे असतात. त्यांनी लिखा जास्त निघतात, पण कोरड्या केसांत त्या फार ओढतात, म्हणून ओल्या केसांतच वापरा. लाकडाची दुहेरी फणी घरात असेल तर कोरड्या केसांची तपासणी तिने करायला हरकत नाही. ओल्या कामाला मात्र ती नको. पाण्याने लाकूड फुगतं, दात वाकडे होतात, फटी बदलतात.

या दुहेरी फणीची एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. इस्राएलमधल्या तेल लाखीश इथे २०१६ मध्ये उत्खननात हस्तिदंताची एक छोटी फणी मिळाली, जेमतेम साडेतीन सेंटिमीटर लांब. एका बाजूला गुंता सोडवायला सहा जाड दात, दुसऱ्या बाजूला उवा काढायला चौदा बारीक दात. ती साधारण इसवी सन पूर्व १७०० ची मानली जाते. तिच्यावर काहीतरी खरवडलेलं आहे हे लक्षात यायला आणखी काही वर्षं गेली, आणि २०२२ मध्ये त्याचं वाचन प्रसिद्ध झालं. त्या भागातल्या प्राचीन कनानी लिपीतली सतरा अक्षरं, सात शब्द. या सुळ्याने केसांतल्या आणि दाढीतल्या उवा समूळ निघोत, असा त्यांचा अर्थ. त्या लिपीत सापडलेलं हे पहिलं पूर्ण वाक्य. फणीच्या एका दातावर उवेच्या पिल्लाचे अवशेषही मिळाले. मुलीला शाळेत कोणीतरी चिडवल्यावर ती रडत घरी आली, तेव्हा मी तिला या फणीचं चित्र दाखवलं. हस्तिदंत परवडणाऱ्या माणसालाही उवा झाल्या होत्या, हे तिला फार आवडलं.

३. बाकीचं साहित्य

- मोठ्या दातांचा साधा कंगवा, गुंता सोडवायला
- भरपूर कंडिशनर, शक्यतो पांढरा. त्यावर तपकिरी ऊ चटकन दिसते.
- केसांच्या बटा वेगळ्या ठेवायला क्लिपा किंवा चाप
- पांढरा टिश्यू पेपर किंवा पांढऱ्या सुती कापडाचे तुकडे
- गरम साबणाचं पाणी घातलेलं भांडं
- डोक्यावर लावता येईल असा टॉर्च, नाहीतर खिडकीजवळची खुर्ची
- भिंग, तुम्हाला जवळचं दिसत नसेल तर
- वही आणि पेन

वहीला हसू नका. ती का हवी ते सहाव्या टप्प्यात येईल.

४. केस ओले करा आणि गुंता पूर्ण सोडवा

आधी नेहमीच्या शाम्पूने केस धुवा. धुतल्याने उवा मरत नाहीत. पाण्याखाली ऊ श्वासाची छिद्रं मिटून घेते आणि कित्येक तास तग धरते. पण ओल्या केसांत तिची हालचाल मंदावते आणि कंडिशनरमध्ये तर ती जवळजवळ थिजते. आपल्याला तेवढंच हवं आहे. कोरड्या केसांत ती फणीच्या पुढे पुढे पळते.

पाणी टॉवेलने टिपून घ्या, मग कंडिशनर मुळापासून टोकापर्यंत सढळ हाताने लावा. केस पांढरे दिसले पाहिजेत. धुवायचा नाही, तसाच राहू द्यायचा. आता मोठ्या दातांच्या कंगव्याने खालच्या टोकापासून सुरू करून वर वर येत गुंता सोडवा. वरून खाली ओढलंत तर गाठ आणखी घट्ट होते आणि मूल दुसऱ्या दिवशी समोर बसायला तयार होत नाही. मोठा कंगवा मुळापासून टोकापर्यंत अडथळ्याविना उतरला की मगच फणी हातात घ्या.

कुरळ्या केसांना दुप्पट कंडिशनर लागतो आणि बटा आणखी बारीक घ्याव्या लागतात.

५. फणी फिरवणं

मुलाला आवडीचं काहीतरी बघायला किंवा ऐकायला द्या. आखूड केसांना दहा मिनिटं पुरतात, लांब किंवा कुरळ्या केसांना अर्धा तास सहज लागतो. घाई असेल त्या दिवशी हे काम काढू नका. घाईत फणी टाळूला टेकत नाही, आणि मग सगळी मेहनत वाया जाते.

केसांचे चार भाग करून क्लिपा लावा. सुरुवात मानेवरून आणि कानामागून करा, उवा आणि लिखा तिथे जास्त सापडतात. एका वेळी फणीच्या रुंदीपेक्षा कमी केसांची बट घ्या. दुसऱ्या हाताने बट ताणून धरा. फणीचे दात टाळूला हलके टेकवा. खरंच टेकले पाहिजेत, मुलाला ते जाणवलं पाहिजे, पण टोचता कामा नये. मग फणी मध्ये कुठेही न उचलता एका ओढीत टोकापर्यंत आणा.

प्रत्येक ओढीनंतर फणी टिश्यूवर पुसा आणि बघा. पहिल्या दिवशी मी चार-पाच ओढी झाल्यावर एकदा पुसत होतो, म्हणजे फणीत अडकलेली ऊ पुढच्या बटेत पुन्हा सोडून येत होतो. टिश्यूवर पांढऱ्या कंडिशनरच्या रेघेत काय दिसतं ते ओळखायला शिका. मोठी ऊ दोन ते तीन मिलिमीटरची, तपकिरी किंवा राखाडी, नीट बघितलं तर सहा पाय दिसतात, आणि थोड्या वेळाने ती संथपणे हलू लागते. पिल्लू फिकट, जवळजवळ पारदर्शक असतं. नुकतंच रक्त प्यायलेलं असेल तर पोटात लालसर ठिपका दिसतो. लीख लांबट थेंबासारखी असते. वेडावाकडा, चपटा, पांढरा कण असेल तर तो कोंडा. नखांवर एकेक मारत बसू नका, टिश्यू सरळ साबणाच्या पाण्यात टाका.

तीच बट उलटून खालच्या बाजूनेही फणी फिरवा. झाली की क्लिप लावून बाजूला ठेवा, म्हणजे न बघितलेल्या केसांत मिसळणार नाही. पूर्ण डोकं झाल्यावर कंडिशनर धुऊन टाका आणि ओल्या केसांतून सगळं पुन्हा एकदा करा. ही दुसरी फेरी बहुतेक जण टाळतात. पहिल्या दिवशी माझ्या दुसऱ्या फेरीत तीन उवा निघाल्या, त्यातल्या दोन मोठ्या होत्या. त्या राहिल्या असत्या तर चार दिवसांत पन्नास-साठ लिखा घालून बसल्या असत्या.

मूल कंटाळतं, रडकुंडीला येतं. मध्ये दोन मिनिटं थांबायला काही हरकत नाही. माझी मुलगी दर बटेला विचारायची, "बाबा, किती निघाल्या?" मी तिलाच टिश्यू बघायला दिला. त्या दिवसापासून आकडा ती सांगायची आणि मी लिहायचो.

६. दिवस मोजा: १, ५, ९, १३ आणि १७

फणी फिरवायचा पहिला दिवस म्हणजे दिवस १. त्यानंतर ५, ९ आणि १३ व्या दिवशी पूर्ण पद्धतीने, दोन्ही फेऱ्यांसकट, पुन्हा फणी. १७ व्या दिवशी तपासणी. तारखा आजच कॅलेंडरवर लिहा. मनातल्या मनात मोजलंत तर सहावा, अकरावा असं काहीतरी होऊन बसतं.

प्रत्येक वेळी वहीत दोन आकडे लिहा: मोठ्या उवा किती, पिल्लं किती. आमची चौथ्या खेपेची वही अशी होती:

दिवस १: मोठ्या ११, पिल्लं १७
दिवस ५: मोठ्या ०, पिल्लं ८
दिवस ९: मोठ्या ०, पिल्लं ३
दिवस १३: ०, ०
दिवस १७: ०, ०

पिल्लं पाचव्या आणि नवव्या दिवशी सापडणारच. पहिल्या दिवशीच्या लिखा फुटून ती आलेली असतात. ती दिसली की मन खट्टू होतं, पण उपाय फसला असं समजू नका, तो चालू आहे. काळजीची गोष्ट दुसरी: पाचव्या दिवशी किंवा नंतर मोठी ऊ सापडली तर. चार दिवसांत पिल्लाची मोठी ऊ होत नाही. म्हणजे एक तर ती पहिल्या दिवशी तुमच्या हातून सुटली, किंवा दुसऱ्या कोणाच्या डोक्यातून आली. तिने मधल्या दिवसांत लिखा घातलेल्या असणार. अशा वेळी तो दिवस १ धरून मोजणी नव्याने सुरू करा, आणि मूल कोणाजवळ झोपतं, कोणाबरोबर खेळतं त्यांची डोकी बघायला सांगा.

दोन आकडे वेगळे का लिहायचे, ते आता लक्षात आलं असेल. "थोड्याफार निघाल्या" एवढंच लिहून ठेवलं तर या दोन गोष्टींतला फरक कळत नाही.

७. औषध वापरणार असाल तर

नुसत्या फणीनेही उवा जातात, पण चिकाटी लागते. डोकं उवांनी भरलेलं असेल किंवा घरात चार-पाच जणांना असतील, तर औषध आणि फणी दोन्ही वापरा. औषधाच्या बाबतीत माझ्या आणि ओळखीच्यांच्या हातून झालेल्या चुका सांगतो.

१ टक्का पर्मेथ्रिनसारखी लोशनं लावायच्या आधी कंडिशनर लावू नका. मी दोनदा तेच केलं होतं, गुंता सुटावा म्हणून. कंडिशनरचा थर राहिला की औषध नीट लागत नाही. औषधानंतर एक-दोन दिवस केस धुवायचे नसतात, तेही वेष्टणावर लिहिलेलं असतं, आणि मी ते वाचलं नव्हतं.

पर्मेथ्रिन लिखा मारत नाही, म्हणून ७ ते १० दिवसांनी, बहुतेक वेळा नवव्या दिवशी, ते पुन्हा लावावं लागतं. दुसरी मात्रा चुकवली तर पहिलीचा काही उपयोग होत नाही. लावल्यानंतर ८ ते १२ तासांनी उवा पूर्वीसारख्याच तुरुतुरु फिरत असतील तर त्या औषधाला दाद देत नाहीत असं समजा. कित्येक ठिकाणच्या उवा पर्मेथ्रिनला सरावल्या आहेत. तेच औषध पुन्हा पुन्हा चोपडू नका, डॉक्टरांना विचारा. डायमेथिकोनची औषधं वेगळ्या तऱ्हेने काम करतात. ती उवेवर सिलिकोनचा थर चढवतात, विष देत नाहीत.

मूल दोन वर्षांच्या आतलं असेल, बाई गरोदर असेल किंवा अंगावर पाजत असेल, टाळूवर जखमा, पू किंवा खपल्या असतील, मानेत गाठी आल्या असतील, तर आधी डॉक्टर, नंतर औषध.

आणि हे कळकळीने सांगतो: रॉकेल, पेट्रोल, ढेकणांचं किंवा झाडांवर मारायचं औषध डोक्याला कधीही लावू नका. रॉकेलने मुलं भाजली आहेत, दगावली आहेत. उवेने कोणाचा जीव जात नाही. डोक्यातली ऊ कोणताही आजार पसरवत नाही. टायफसचा ताप पसरवणारी ऊ वेगळी, ती कपड्यांच्या शिवणींत राहते आणि अंगाला चावते. चार्ल्स निकोल या फ्रेंच शास्त्रज्ञाने ते १९०९ मध्ये दाखवलं आणि त्यांना १९२८ चं नोबेल मिळालं. डोक्यातल्या उवेमुळे मुलाला होणारा खरा त्रास म्हणजे खाज, मोडलेली झोप आणि खाजवून झालेल्या जखमा.

८. घर किती धुवायचं

थोडंच. पहिल्या वेळी मी पडदे, गाद्या, सोफ्याची खोळ सगळं धुऊन काढलं आणि संध्याकाळी फणी फिरवायला अंगात त्राण उरलं नाही. डोक्यावरून पडलेली ऊ दोन दिवसांपलीकडे जगत नाही. लिखेलाही टाळूच्या उबेशिवाय फुटता येत नाही. त्यामुळे गेल्या दोन दिवसांत डोक्याला लागलेल्या वस्तूंकडेच बघा: उशीचे अभ्रे, चादर, टॉवेल, टोपी, स्कार्फ, केसांचे रबरबँड. ५४ अंश सेल्सिअसच्या वर गरम पाण्यात धुवा. धुता न येणारी खेळणी दोन आठवडे पिशवीत घट्ट बांधून ठेवा. घरात फवारणी नको. कुत्र्यामांजरांना माणसाच्या उवा होत नाहीत, त्यांना या भानगडीत ओढू नका.

फणी आणि कंगवे मात्र प्रत्येक वापरानंतर ५४ अंशांच्या वर गरम पाण्यात दहा मिनिटं बुडवा. फणीच्या दातांमध्ये लिखा अडकतात, त्या जुन्या टूथब्रशने किंवा ताणलेल्या दोऱ्याने काढा. स्टीलची फणी लगेच पुसून कोरडी करा.

९. इतरांना सांगा

मला हा टप्पा सगळ्यात जड गेला. तीन महिने आम्ही लपवलं. मुलीच्या जिवलग मैत्रिणीच्या घरीही लपवत होते, हे नंतर कळलं. दोन्ही घरं आपापलं डोकं साफ करत होती आणि मुली दर शनिवारी उवांची देवाणघेवाण करत होत्या.

शेवटी मी असा निरोप पाठवला: "आमच्या मुलीच्या डोक्यात उवा सापडल्या आहेत. आम्ही आजपासून फणी सुरू केली आहे. तुमच्याकडेही एकदा ओल्या केसांत बारीक फणीने बघून घ्या. सापडल्या तर दोन्हीकडे एकाच दिवशी सुरुवात करू." कोणीही वाईट बोललं नाही. दोघांची उत्तरं आली की आमच्याकडेही आहेत. एकाच दिवशी सुरू करण्याला खरंच महत्त्व आहे, नाहीतर एक डोकं साफ होईपर्यंत दुसरं भरलेलं असतं.

मुलाला घरी बसवून ठेवायची गरज नाही. लांब केस असतील तर घट्ट वेणी किंवा अंबाडा घाला, म्हणजे केसाला केस कमी लागतो. आणि केस कापायचे किंवा टक्कल करायचं ते मुलाने स्वतः मागितलं तरच. त्याने उवा जातात हे खरं, पण त्यापायी मुलीला चारचौघांत आठवडेच्या आठवडे मान खाली घालून वावरावं लागत असेल, तर सतरा दिवस फणी फिरवणं मला कितीतरी सोपं वाटतं.

१०. संपल्या हे कधी मानायचं

१३ व्या आणि १७ व्या दिवशी एकही हलणारी ऊ सापडली नाही की संपल्या. खाज आणखी आठ-पंधरा दिवस राहू शकते, अ‍ॅलर्जी ओसरायला वेळ लागतो. खाजेला घाबरून पुन्हा औषध लावू नका, फणी फिरवून बघा. केसांवर चिकटलेली पांढरी टरफलंही दिसत राहतील. ती निर्जीव असतात. दिसायला बरी वाटत नाहीत, म्हणून काढायची तर चिमटीत धरून नखाने सरकवा. व्हिनेगर लावून ती सुटतात असं ऐकून मी करून बघितलं. मुलीच्या खाजवलेल्या टाळूची आग झाली, आणि लिखा होत्या तिथेच राहिल्या.

त्यानंतर महिनाभर आठवड्यातून एकदा, केस धुतल्यावर कंडिशनर असतानाच मानेवर आणि कानांमागे पाच मिनिटं फणी फिरवा. आमच्याकडे रविवार ठरलेला आहे. फणी बाथरूममध्येच टांगलेली असते, आणि मुलगी आता टिश्यू स्वतःच हातात धरून बसते.